कॅरीत केलेली पहिली बीअर

आई गेल्यावर बाबा पहिल्यांदाच माझ्याकडे परदेशात, कॅरी शहरात राहायला आले होते. त्याच सुमारास मी घरी बीअर करून बघायचं ठरवलं. बाबांनी आयुष्यात कधी दारूला हात लावला नव्हता, म्हणून ते फिरायला गेल्यावर मी कामाला लागले. पण ते लवकर परतले. तेव्हा मी भरडलेल्या बार्लीची कापडी पिशवी गरम पाण्याच्या पातेल्यातून वर काढत होते. ती भिजून इतकी जड झाली होती की मला एकटीला पेलवेना.

"हे काय चाललंय?"

"बीअर करतेय, बाबा."

ते हात धुऊन आले आणि त्यांनी पिशवीची दुसरी बाजू धरली. पाणी निथळेपर्यंत आम्ही तसेच उभे राहिलो. मग ते गोडसर पाणी मी हॉप्सची कडवट फुलं घालून उकळलं आणि गार झाल्यावर यीस्ट घालून ठेवून दिलं.

काही आठवड्यांनी बाटली उघडली. फेस जेमतेमच आला. बाबांनी माझ्या ग्लासातला एक घोट घेतला.

"कडू आहे," म्हणाले आणि ग्लास परत दिला.

उरलेली मी जेवताना त्यांच्यासमोरच प्यायले. तोवर तसं कधी केलं नव्हतं.