दावणीला बांधलेली इंजिनं

पाणी नसलं की घरात धुणं साठतं आणि टँकरच्या रांगेत किस्से साठतात. धुणं पाणी आलं की निघतं तरी, किस्से मात्र साचतच जातात. त्यात आमच्या डोक्यावर राहणारी मंडळी अशी, की मला वेगळं काही ऐकायला जावंच लागलं नाही.

सुरुवात रांगेतच झाली. त्या दुष्काळी उन्हाळ्यात बजाजनगरात नवनव्या बिल्डिंगा उभ्या राहत होत्या आणि नळ मात्र कोरडे होते. माझ्या मागं दोन बायका बोलत होत्या. "वरची पोरं गाशा गुंडाळून पुण्याला चाललीत म्हणं! कारण त्यांचं ते—"

तेवढ्यात टँकर आला! सांगणारी हंडा घेऊन पळाली आणि कारण तिच्याबरोबर गेलं.

अर्धी बातमी ऐकली की मला घास उतरत नाही. पोह्यांची ताटली घेतली आणि जिना चढले.

वर तिघं होते. सायली देवगाव रंगारीची, घरी मेंढरं. निखिल कुलकर्णी, भलताच टापटिपीचा, चप्पलसुद्धा मोजून मापून ठेवणार. आणि इम्रान, शहरातच वाढलेला. तिघं मिळून कॉम्प्युटरवरचा गेम बनवत होते. दुष्काळात एक पोरगी मेंढरं घेऊन पाणी शोधत निघते, असा.

"पुण्याहून गेम कंपनीच्या एक मॅडम आमचा गेम बघायला येणारेत," सायली म्हणाली. "आवडला तर पैसे देऊ म्हणतात, पण तिघंही पुण्याला या, तिथं बसून पुरा करा."

"आणि नाही आवडला तर?"

"तर बंद. मग नोकरी शोधायला पुण्यालाच जायचं."

"म्हणजे दोन्हीकडून पुणंच की गं!"

"मला इथंच राहायचंय, काकू," ती म्हणाली आणि पोहे न खाताच कॉम्प्युटरकडं वळली. इम्राननं तिचेही खाल्ले.

*

त्यांच्या कॉम्प्युटरवर गेम बनवायचं इंजिन असतं म्हणे. ते एकच, पण त्याची व्हर्जन्स चार. मी म्हटलं, "चार कशाला? नवं ठेवा, जुनी भंगारात द्या."

"काकू, ज्या व्हर्जनमध्ये गेम बनवला त्याच व्हर्जनमध्ये तो नीट चालतो. हे बघा नव्यात काय होतं." सायलीनं उघडून दाखवलं. सगळी मेंढरं आभाळात, पाय वर!

नेमके त्या दिवशी तिचे वडील, आप्पा, बाजाराला आलेले. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "खाली चारा नाय म्हणल्यावर काय करत्याल बिचारी!"

*

ही चार व्हर्जन्स सांभाळायला सायलीनं स्वतःच एक प्रोग्राम लिहिला होता. त्याला ना चित्रं, ना बटणं. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं. एक ओळ टाइप केली की हवं ते व्हर्जन उतरवून घेतो, दुसरी टाइप केली की नको ते काढून टाकतो. नाव ठेवलं होतं "दावण". गोठ्यात जनावरं ओळीनं बांधतात, तशी इंजिनं ओळीनं बांधलेली.

मी विचारलं, "एवढं केलंस, जरा रंगीत तरी करायचं!"

इम्रान म्हणाला, "काकी, मैं भी वही बोला. तो बोलती क्या, गोठ्याला कोण झालर लावतं!"

सायलीनं ही दावण इंटरनेटवर फुकट ठेवली आणि परदेशातली कितीतरी माणसं ती वापरायला लागली. एकानं लिहून विचारलं, या शब्दाचा अर्थ काय? सायलीनं आप्पांच्या गोठ्यात दावणीला बांधलेल्या गाईंचा फोटो पाठवून दिला. त्याचं उत्तर आलं, "समजलं. तिसरी गाय फार सुंदर आहे."

आप्पा खूश! "माणूस जाणता हाय," म्हणाले.

*

मग गेमला मेंढरांचे आवाज पाहिजे होते. तिघंही माइक घेऊन देवगावला गेले आणि बरेच दिवस तिथंच रमले. इम्राननं माइक पुढं केला की मेंढरं गप्प! आप्पांनी त्याच्या अंगावर आपलं घोंगडं टाकलं. "आता बस त्यांच्यात. अनोळखी माणसापुढं बोलत नायत ती."

घोंगडं पांघरल्यावर मेंढरं अशी बोलायला लागली की इम्रान परत आला तो चांगलं पोतंभर आवाज घेऊन. इथं आल्यावर स्पीकरवर लावले. पाचच मिनिटांत समोरच्या देशमुख वहिनी माझ्या दारात!

"माणसांना प्यायला पाणी नाही आन् वर मेंढरं पाळलीत?"

मी म्हटलं, "पाळलीत, पण ती पाणी पीत नाहीत."

"अशी कुठली जात?" वहिनींनी विचारलं. त्यांच्या माहेरी पाहिजे होती.

*

आता खरा घोटाळा. मॅडम उद्या येणार, म्हणून निखिलनं साफसफाई काढली. खोली झाडली, वायरी गुंडाळल्या आणि हात शिवशिवले म्हणून कॉम्प्युटरही झाडायला घेतले. दावणीत एक सोय होती, बरेच दिवस न उघडलेली व्हर्जन्स एका ओळीत काढून टाकायची. ती त्यानं तिन्ही कॉम्प्युटरवर चालवली.

पण बरेच दिवस तिघं तर देवगावला मेंढरांत, कालच परतलेले! गेम ज्या व्हर्जनमध्ये बनला होता तेही उडालं.

"परत उतरवून घ्या की," मी म्हटलं. तर नव्या पाइपलाइनसाठी खणताना सकाळीच जेसीबीनं इंटरनेटची केबल तोडलेली. मोबाईलचं नेट असं रखडत होतं की उद्यापर्यंत निम्मंही उतरलं नसतं.

निखिल भिंतीला टेकून खाली बसला. इम्रान म्हणाला, "कुलकर्णी, तेरेकू झाडू किसने दिया रे?"

सायली मात्र गॅलरीत जाऊन आप्पांना फोन करत होती. तिचा कॉलेजातला जुना लॅपटॉप गावाकडं पेटीत पडून होता. तिथं नेट नाही, म्हणून तो कधी कुणी अपडेटच केला नव्हता. जुनं व्हर्जन त्यात जसंच्या तसं!

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आप्पा आले. प्रवासभर मांडीवर घोंगड्याचं गाठोडं, आत लॅपटॉप. म्हणाले, "कंडक्टर म्हणला, गाठोडं वर टाका. म्या म्हणलं, नाय जमायचं. आत लेकीची मेंढरं हायत."

"मग?"

"मग काय, त्यानं वाकून कान लावला की!"

*

मॅडम आल्या तेव्हा जुन्या लॅपटॉपमधलं व्हर्जन दावणीला बांधून गेममध्ये मेंढरांचे आवाजही नुकतेच घालून झाले होते. माझा चहा तयार होता. बाई चांगल्या होत्या, पण बसल्या बसल्याच म्हणाल्या, "इथं पाणी नाही, नेट नाही. तुम्ही तिघंही पुण्यालाच या, हे माझं जवळजवळ ठरलंय."

सायलीनं खुर्ची पुढं ओढली. तिनं गेम सुरू केला.

मेंढरं जमिनीवर होती, देवाची कृपा! पोरगी पुढं, कळप मागं. एक विहीर कोरडी, पुढचा नाला कोरडा. मॅडमनी चहाचा एक घोट घेतला. आप्पांचा कप तसाच खाली.

"घ्या ना," मॅडम म्हणाल्या.

"पाणी लागलं नाय अजून," आप्पा पडद्याकडं बघत म्हणाले.

"अहो, ते पुढच्या लेव्हलला लागतं," निखिल म्हणाला.

"व्हय? मग मीबी पुढंच घेतो."

मॅडमनी त्यांच्याकडं पाहिलं, पडद्याकडं पाहिलं आणि आपला कप खाली ठेवला. मग कुणीच चहाला हात लावेना. सायली खेळत होती आणि आम्ही सगळे मान पुढं काढून बसलेलो. एक कोकरू मागं राहिलं तर आप्पा खुर्चीतून अर्धे उठले! शेवटी टेकडीमागं पाण्याचा डोह लागला. मेंढरांनी माना खाली घातल्या आणि देवगावचा तो आवाज खोलीभर झाला.

मॅडम पडद्यावरची नजर न काढताच म्हणाल्या, "एक जण मला पुण्यात लागेल, रोजच्या बोलण्याला. बाकीचे दोघं इथंच राहा. इथंच पुरा करा."

"मी जातो," निखिल म्हणाला. त्याची बॅग तशीही भरलेलीच असायची.

म्हणजे रांगेतली बातमी तिघांत एक एवढीच खरी निघाली. सायलीनं डोळे पुसले आणि मी आपली कपांकडं वळले. साय धरली होती.

"गार झाला हो. द्या, गरम करून आणते."

मॅडमनी कप माझ्या हातात दिलाच होता. आप्पांनी मात्र आपला छातीशी धरला.

"राहू द्या, ताई. मेंढरांनी कुठं गरम प्यालं!"

मॅडमनी कप माझ्या हातातून परत घेतला.