सहा सूत आणि वर जरासं

मिरचीचा हंगाम आला की आमची गल्ली शिंकते. कोपऱ्यावर मावशींची मसाला दळायची चक्की आहे. ती चालू झाली की घराघरातून शिंका ऐकू येतात, आणि नंदुरबारात याला कोणी त्रास म्हणत नाही. म्हणून गेल्या हंगामात एका सोमवारी गल्ली गप्प पडली तेव्हा मला चुकल्यासारखं झालं. चपला घालून बघायला गेलो. माझ्या आयुष्यातले बहुतेक घोळ असे चपला घालून बघायला जाण्यातूनच सुरू झालेत.

मोटर आणि चक्की यांना जोडणारी ॲल्युमिनियमची चकती फुटली होती. तळहाताएवढी, तीन कानांची. चक्की जुनी, ती बनवणारा कारखाना केव्हाच बंद पडलेला, तेव्हा असली चकती दुकानात मिळायची नव्हती. मावशींचा भाचा, चांगला पन्नाशीचा गृहस्थ, ती सुरतेहून बनवून आणायला निघाला होता. पिशवी हातात होती. दारात गिऱ्हाइकांचे मिरचीचे डबे रांगेने ठेवलेले. हंगाम असतो थोडे दिवस, आणि गिऱ्हाईक एकदा दुसऱ्या चक्कीची वाट चालू लागलं की पुढल्या वर्षीही तिकडेच जातं. मावशी डब्यांकडेच बघत होत्या.

“सुरत कसाले?” मी म्हणालो. “मी शे ना!”

मी शाळेत गणित शिकवतो. घरी मागच्या खोलीत माझ्याकडे संगणकावर चालणारं छोटं राऊटर आहे. संगणकात आकृती काढली की फिरतं पातं ती लाकडात कोरून देतं. गल्लीतल्या सगळ्या दारांवरच्या पाट्या मी कोरल्यात, ज्यांनी मागितल्या नव्हत्या त्यांच्यासुद्धा. ॲल्युमिनियम मात्र त्या दिवसापर्यंत कापलं नव्हतं. ही गोष्ट मावशींना सांगायची राहून गेली.

“गुरजी, हाऊ मन्हा हंगाम शे,” मावशी म्हणाल्या. “खेळ नही.”

“दोन दिनमा करी देस.”

भाच्याने पिशवी खाली ठेवली. रिकामी मात्र केली नाही, हे माझ्या लक्षात आलं.

चकतीच्या मधल्या भोकात मोटरचा दांडा बसतो. ते भोक झिजून लांबुळकं झालं होतं, त्याचं माप घेण्यात अर्थ नव्हता. दांडा मोजायचा, तर तो माझ्यापासून चार पावलांवर होता. पण फोन खिशातच होता, म्हणून मी स्टेशन रोडच्या लेथवाल्या मिस्तरींना फोन लावला. ती मोटर त्यांच्या हाताखालून गेलेली.

“सहा सूत,” मिस्तरी म्हणाले.

सूत हे सुतार-लोहारांचं माप, इंचाचा आठवा भाग. माझ्या संगणकाला सूत कळत नाही, त्याला मिलीमीटर लागतात. “मिस्तरी, एक सूत म्हणजे किती मिलीमीटर?”

“तीन धरा, नि वर जरासं.”

तीन सक अठरा. मी अठरा लिहिलं आणि फोन ठेवला.

भंगारवाल्याकडे त्या जाडीची एकच पट्टी निघाली, ती आणली. राऊटर अगदी हळूहळू चालवलं, नव्या सुनेशी बोलावं तसं. ॲल्युमिनियमला ते सोसत नाही. पातं कापायच्या ऐवजी घासत बसलं, तापलं, आणि धातू चिक्कीच्या पाकासारखा त्याला चिकटला. टक्! पातं गेलं. दुसरं पातं मी आणखी हळू चालवलं. तेही गेलं. तिसरं शेवटचं होतं. तेव्हा कुठे मी इंटरनेटवर बघितलं, जे आधी बघायला हवं होतं: पातं खोल घालू नका, पण चाल ठेवा, आणि वरून रॉकेलचा फवारा मारा. कपाटाच्या तळाशी जुन्या रॉकेलची बाटली सापडली. फवारायला बायकोची इस्त्रीची पिचकारी घेतली. लगेच स्वच्छ चुरा उडू लागला, चमचमत्या रव्यासारखा. मी खुशीत पिचकारी होती तिथे नेऊन ठेवली. संध्याकाळी बायकोने तिचा वास घेतला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि चुरगळलेला शर्ट तसाच माझ्या अंगावर टाकला.

बुधवारी दुपारी तोच शर्ट घालून मी चकती घेऊन चक्कीवर गेलो. चकती अशी चकाकत होती की मावशींनी पदराने हात पुसून मग ती हातात घेतली. अर्धी गल्ली जमली. मी चकती दांड्यावर टेकवली आणि दाबली. मग जोर लावला. मग हातोडी मागितली.

“गुरजी, दांडा बी तोडी टाकशात,” मावशी म्हणाल्या.

तेव्हा मी दांडा मोजला. एकोणीस, आणि वर जरासं.  भाच्याने पिशवी उचलली.

दुसरी पट्टी नव्हती. मावशींचे तीन दिवस माझ्या हौसेत गेले होते, आणि सुरत म्हणजे आणखी दोन-तीन. चार डबे तर त्या सकाळीच परत गेले होते. मी चकती घेऊन मिस्तरींकडे निघालो; लेथ आणि स्टेशन एकाच वाटेवर, म्हणून भाचा नि मी एकाच रिक्षात बसलो, मधे पिशवी.  भाच्याने न मागता पाण्याची बाटली पुढे केली.

लेथपाशी भाचाही माझ्याबरोबर उतरला. मिस्तरींनी चकती उजेडात धरली. “भोक कितलं पाडं?”

“अठरा.”

“नि वर जरासं?”

मी शर्टाच्या सुरकुत्या बघत राहिलो. मिस्तरी हसायला लागले, हसता हसता चष्मा काढून पुसला. “गुरजी, तीन धरं ते बरं करं. चार धरतात ते मी बी काय करतू? लहान भोक मोठं करता येस. मोठं भोक लहान करनारा आजून जलमना नही.”

 मिस्तरींनी चकती लेथवर बांधली, मधोमध आहे ना ते दोनदा पाहिलं, आणि भोकाच्या आतून एक बारीक चकाकता सर काढला. ते माझ्या कंजुषीचं मिलीमीटर. समोरून सुरतेची गाडी गेली. भाचा ती बघत पिशवीतला चिवडा काढून खायला लागला, आणि मलाही दिला.

चक्कीवर परतलो. चकती हाताच्या दाबाने दांड्यावर बसली. मावशींनी बटण दाबलं, उरलेल्या डब्यांतला पहिला वर ओतला. चक्कीने सूर धरला. समोरच्या घरातून पहिली शिंक आली, मग शेजारून, मग माझी. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते सगळं मिरचीचं नव्हतं.

मावशींनी पिठाळ लाल हाताने मला जवळ बोलावलं. चक्कीच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाल्या, “गुरजी, आजून एक चकती करी ठेवा. अडीअडचणले लागस. पण भोक तुम्ही पाडू नका, ते मिस्तरीले पाडू द्या.”