माझ्या जागी चीनला गेलेला शिरीष

शनिवारी सकाळी अबुधाबीजवळच्या मोहम्मद बिन झायद सिटीतल्या आमच्या घरी फोन वाजला. लेकीने उचलला आणि "बाबा, इट्स नीताकाकू... शी इज क्रायिंग," म्हणत माझ्या हातात दिला. त्यांचा नवरा, माझा मित्र शिरीष झोपेतच गेला होता. महिना उलटून गेला. त्याच्याबद्दल लिहायला बसतो आणि दर वेळी एकाच मीटिंगपाशी येऊन अडकतो.

२००८च्या मंदीत दुबईतले प्रोजेक्ट एकामागून एक बंद पडले आणि तडाखा अबुधाबीतल्या आमच्या ऑफिसपर्यंत आला. लिफ्ट बसवणाऱ्या त्या कंपनीत शिरीष आणि मी शेजारी बसायचो, डबा एकत्र खायचो. साहेबांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. इथे एकच जण राहणार. दुसऱ्याने फॅमिली सोडून चीनमधल्या खरेदी ऑफिसात जायचं, नाहीतर व्हिसा कॅन्सल. माझ्या बायकोचे दिवस भरत आले होते. मी तोंड उघडण्याआधीच शिरीष म्हणाला, "मी जातो, सर. याच्या घरी बाळ येतंय." बाहेर आल्यावर माझी पाठ थोपटली. "खलास, विषय संपला." त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं... ते वाटणं आजही माझा पिच्छा सोडत नाही.

नीतावहिनी मुलाला घेऊन पुण्याला परतल्या. चीनमधल्या ग्वांगझू शहरात एकट्या पडलेल्या शिरीषने मोटरसायकल घ्यायचं ठरवलं, कॉलेजपासूनची हौस होती त्याची. पण तिथे बाहेरचं लायसन्स चालत नाही. मेडिकल, कम्प्युटरवर परीक्षा, मग शंकूंमधून वळणं घेऊन दाखवायची. फोनवर तो मला तिथल्या ट्रॅफिक पोलिसांचे हातवारे समजावायचा. "आता माझा डावा हात वर आहे बघ," म्हणायचा, आणि मी इथून काय बघणार! एकदा नापास झाला, मग पास. शहरात मोटरसायकलला बंदी, म्हणून गाडी शहराबाहेरच्या गॅरेजमध्ये ठेवायचा आणि रविवारी बसने तिथपर्यंत जायचा. त्याच्या ओळखीचा एक ब्राझीलचा शिक्षक लायसन्सशिवाय फिरायचा, परदेशी माणसाला पोलीस अडवत नाहीत म्हणायचा. शिरीषने त्याच्यासोबत जायला साफ नकार दिला, आणि मग स्वतःच त्याचा अभ्यास घेऊन त्याला परीक्षेला बसवलं.

"एवढं कशाला रे?" मी विचारलं.

"अबुधाबीत व्हिसा जाईल या भीतीने नियम पाळले. इथे तसं नाही. नियम कळला ना, की गाव थोडं ओळखीचं वाटतं... नाहीतर इथे मला ओळखतंय कोण?"



काही वर्षांनी तो अबुधाबीला परत आला, वहिनीही आल्या. चीनचा विषय निघाला की मी चहा आणायला उठायचो. परवा भेटायला गेलो तेव्हा वहिनी आपणहून बोलल्या. "भाऊजी, माझा तुमच्यावर फार राग होता. मग एकदा सुट्टीत मी तिकडे गेले, मोटरसायकलवर यांच्या मागे बसले. रस्ता रिकामा, तरी हे लाल दिव्याला थांबले. मी म्हटलं, चला ना, कोण बघतंय? तर नुसते हसले... इतकं खूश मी त्यांना इथे कधीच पाहिलं नव्हतं. तिथेच माझा राग गेला."

माझा जीव हलका व्हायला हवा होता.

निघताना त्यांनी कपाटातून त्याचं हेल्मेट काढलं. आतल्या अस्तराला अजून त्याच्या खोबरेल तेलाचा वास होता. "तुम्ही ठेवा," त्या म्हणाल्या. मी ते दोन्ही हातांत धरलं, आणि तसंच टेबलावर ठेवून दिलं. त्याच्याकडून आणखी काही घ्यायला मन धजेना.