कुमुदताईंचे घडीचे स्टूल

कुमुदताईंच्या पुतण्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्याच नावाने आरोग्य खात्याला पाठवायचे आणखी एक स्मरणपत्र लिहीत होतो. "काका, आत्या गेली. शांतपणे गेली," तो म्हणाला. शांतपणे! आदल्याच आठवड्यात नगरच्या एका खासगी रुग्णालयात मी त्यांच्या खाटेशी उभा होतो. घशात श्वासाची नळी घालायची की नाही, हे डॉक्टर पुतण्याला विचारत होते. ताई पूर्ण शुद्धीवर होत्या. तोंडावरच्या मास्कमुळे बोलता येईना, म्हणून त्यांनी तर्जनी उचलून स्वतःच्या छातीकडे दाखवले... मला विचारा. बोटाला लावलेला प्राणवायू मोजायचा चिमटा सैल झाला असावा असे समजून डॉक्टरांनी तो नीट बसवला आणि पुतण्याशी बोलणे पुढे चालू ठेवले. "रुग्ण शुद्धीवर आहे, तिला विचारा," मी म्हणालो. "आपण यांचे कोण?" डॉक्टरांनी विचारले. चाळीस वर्षे वकिली करूनही या प्रश्नाला ग्राह्य धरले जाईल असे उत्तर माझ्यापाशी नव्हते.

कोण होतो मी त्यांचा? ओळख झाली ती एका कारणे दाखवा नोटिशीमुळे. ताई सोनईच्या शाळेत विज्ञान शिकवीत. दहावीच्या पुस्तकातला प्रजननाचा धडा "घरी वाचा" असे सांगून उलटण्याची शिक्षकांची जुनी रीत आहे. ताईंनी तो मुलगे आणि मुली एकत्र बसवून सलग शिकवला, मुलींच्या प्रश्नांना मुलग्यांसमोर उत्तरे दिली. पालक खवळले, संस्थेने खुलासा मागितला. मी वकिली शिरस्त्याप्रमाणे उत्तराच्या शेवटी 'कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास दिलगीर आहे' असे वाक्य घातले. ताईंनी ते तांबड्या शाईने खोडले, जसे मुलांचे चुकलेले उत्तर खोडत. "वकीलसाहेब, धडा शासनाने छापलाय. दिलगिरी हवी तर त्यांची घ्या." त्या दिवसापासून मी त्यांचे अर्ज लिहू लागलो. त्यांना शब्द पुरत. कलमे माझ्याकडून लागत.

निवृत्तीनंतर त्या गावोगावच्या बायकांना सोबत म्हणून दवाखान्यात जाऊ लागल्या, आणि त्यासाठी त्यांनी ते स्टूल घेतले. काष्टीच्या बाजारात गुरांचे दलाल बसतात तसले, लोखंडी नळ्यांचे, हिरव्या कापडाचे, घडी करून पिशवीत मावणारे. कारण विचारले तेव्हा म्हणाल्या, "दवाखान्यात टेबलापुढे खुर्ची एकच असते, आणि तिच्यावर नवरा बसतो. बाई दाराला टेकून उभी. मग डॉक्टर कोणाशी बोलणार? जो बसलाय त्याच्याशी." त्यामुळे ज्या बाईबरोबर जात, तिच्यासाठी टेबलापुढे आधी स्टूल उघडत, तिला बसवत, आणि नंतर एक अक्षर बोलत नसत. डॉक्टरांनी ताईंकडे पाहिले की त्या फक्त बोटाने त्या बाईकडे दाखवीत. कितीदा तरी खोलीत अवघडलेली शांतता पसरे, आणि अखेर त्या शांततेचाच कंटाळा येऊन बाई बोलू लागे.

कोल्हारची मनीषा अशीच बोलली होती. नवरा टेम्पोवर, पदरात दोन मुली, तिसरे मूल नको. "मला आपरेशन करायचंय," ती स्टुलावरून म्हणाली, अगदी स्पष्ट. तालुक्याच्या रुग्णालयाने उत्तर दिले, नवऱ्याची सही आणा. सज्ञान स्त्रीच्या शरीरावरील शस्त्रक्रियेला तिचीच संमती लागते. नवऱ्याची सही नाही म्हणून ती अडवता येत नाही. हे मी तोंडी सांगितले, लेखी कळवले, नियमाची प्रत जोडून कळवले. "इथं असंच चालतं," एवढाच त्यांचा युक्तिवाद. ताई मग मनीषाच्या घरी गेल्या. सासूने ओट्यावरूनच सुनावले, "सोताला न्हाई लेकरू, अन् आल्या लोकांच्या कुशीचा इचार कराया!" ताई हसल्या. "म्हणून तर मला वेळ आहे, आजी." सासूसुद्धा क्षणभर हसली... पण सही काही मिळाली नाही. ताईंनी तक्रार दाखल केली. 'पुढील कार्यवाहीसाठी पाठविण्यात आली आहे' असे पत्र आले आणि त्यानंतर मनीषाला तिसरी मुलगी झाली. कार्यवाही मात्र पुढेच जात राहिली.

ताईंच्या दशक्रियेला मनीषा आली होती, धाकटीला कडेवर घेऊन. घाटावरच मला म्हणाली, "काका, आता तुमी चला. ह्यांनाबी आणते, म्हंजी सही न्हाई आसं दवाखान्याला म्हनता यायचं न्हाई." पुतण्याकडून स्टूल मागून घेतले आणि त्या दोघांबरोबर तालुक्याच्या रुग्णालयात गेलो. नव्या परिचारिका होत्या, टेबल तेच. मी स्टूल उघडून ठेवले, आणि मनीषाचा नवरा सरळ त्यावर बसला.

"उठा," मी म्हणालो. "ते तुमच्यासाठी नाही."

"बसू द्या की काका, पहाटपासून गाडीवर हाय. तिला सवय हाय उभं ऱ्हायची."

मी आवाज चढवला. परिचारिकेने मला बाहेर थांबायला सांगितले, आणि फॉर्म त्याच्याकडे सरकवला. मी दारातून बोटाने मनीषाकडे दाखवत राहिलो. वर कोणी पाहिलेच नाही. "आईला इचारून सांगतो," असे म्हणून तो उठला. स्टुलाची घडी करायची खटकी मला उमगेना. मनीषाने ती सहज दाबली, घडी केली आणि स्टूल माझ्या हातात दिले. "जाऊ द्या काका. तुमी परत नका येऊ. घरी लई बोलत्यात."

गेल्या आठवड्यात खात्याचे उत्तर आले. तक्रारदार मयत असल्याने प्रकरण दप्तरी दाखल करण्यात येत आहे. दोन ओळी, गोल शिक्का, प्रकरण बंद. मयत झाली ती तक्रारदार. जिच्यावर अन्याय झाला ती जिवंत आहे, कोल्हारला आहे. तिचे नाव त्या दोन ओळींत कुठेही नाही, आणि तिला काय हवे आहे हे विचारायला कोणी गेलेले नाही. लोक मला सांगतात, ताईंचे कार्य पुढे चालू राहील. कुठे चालू आहे ते मला दाखवा. सोनईच्या त्या वर्गात आज पुन्हा तो धडा "घरी वाचा" म्हणून उलटला जातो, हे मी तिथल्याच एका मुलीकडून ऐकले आहे.

मी नवा अर्ज लिहायला घेतला आहे, या वेळी माझ्या नावाने. त्याचे काय होणार ते मला ठाऊक आहे. माझेही वय झाले, आणि दप्तरी दाखल व्हायला तेवढे पुरते. घरी माझ्या टेबलासमोर ते हिरवे स्टूल उघडून ठेवले आहे. भेटायला आलेला प्रत्येक पुरुष आधी त्याच्याकडेच वळतो. मी त्याला दुसरी खुर्ची दाखवतो... आणि स्टूल रिकामेच राहते.