वन्संनी गाळलेली आज्ञा

माझी नणंद चर्चच्या रविवारच्या शाळेत बारा वर्षं मुलांना दहा आज्ञा शिकवत होती, आणि बारा वर्षं नऊच शिकवत होती. हे पकडलं माझ्या नऊ वर्षांच्या लेकीने. जेवताना बोटं मोजत ती म्हणाली, "आत्या, आठवीनंतर एकदम दहावी कशी गं? नववी कुठे गेली?" वन्संनी पाण्याचा पेला उचलला आणि तोंडाला न लावताच खाली ठेवला. "जेव गुपचूप," हे पोरीवर खेकसले. मी मान वर न करता वाढत राहिले.

नववी आज्ञा खोट्या साक्षीची. ती वन्संच्या तोंडून निघत नव्हती, आणि त्याला कारण होतं.

बारा वर्षांपूर्वी हे भाऊ-बहीण पुठ्ठ्याची खोकी करणाऱ्या एका कारखान्यात कामाला होते. हे सुपरवायझर, वन्सं पॅकिंगच्या टेबलावर. पुठ्ठा कापायच्या मशीनवर जो कामगार होता त्याला सगळे 'सावकाश' म्हणत, कारण येता-जाता तो सगळ्यांना तेवढंच सांगायचा. मशीनच्या तोंडाशी लोखंडी जाळी असते, हात आत जाऊ नये म्हणून. ती असली की काम जरा मंद चालतं. मोठी ऑर्डर आली तेव्हा ह्यांनी स्वतः पाना घेऊन ती जाळी उतरवली. सावकाश नको नको म्हणत होता. तिसऱ्या दिवशी त्याच्याच उजव्या हाताची तीन बोटं गेली. चौकशी बसली. भावाने सांगितलं म्हणून वन्सं उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "जाळी त्यानेच काढली. मी डोळ्यांनी पाहिलं." ज्याचं नावच सावकाश, त्याच्या कागदावर निष्काळजी असा शेरा पडला. त्या शेऱ्यानंतर एकाही कारखान्याने त्याला दारात उभं केलं नाही. इकडे हे मॅनेजर झाले आणि पुढे मंडळीचे पंचही झाले. चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसून दुसऱ्यांच्या वागणुकीचा निवाडा करायचे. चोर तो चोर, वर शिरजोर!

वन्संनी महिन्याभरात ती नोकरी सोडली आणि शिवणकाम धरलं. शनिवारी चर्च झाडायला ह्याच, रविवारी मुलं सांभाळायला ह्याच. लोक म्हणत, काय ही भक्ती! मला मात्र चीड यायची. पाप एकीकडे करायचं आणि झाडू दुसरीकडे मारायचा, याला काय अर्थ आहे?

पोरीने विचारलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वन्सं स्वयंपाकघरात येऊन उभ्या राहिल्या. "वहिनी, बारा वर्षं रोज देवाकडे माफी मागते. आता कळतंय, तो रोज एकच विचारत होता, त्या माणसाकडे गेलीस का?"

मी घाबरले. खोटं कशाला बोलू, मला माझं घर दिसत होतं. म्हटलं, "जाऊ द्या हो वन्सं, झाकली मूठ सव्वा लाखाची."

"माझी आहे झाकलेली," त्या म्हणाल्या. "त्याची तर मिटतसुद्धा नाही."

मी कणीक मळायला घेतली.

त्या रविवारी पाळकसाहेबांनी उपासनेत त्यांना साक्ष द्यायला बोलावलं. आमच्यात साक्ष म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते मंडळीपुढे सांगायचं. वन्सं उभ्या राहिल्या. "मी एक साक्ष आधीच दिली आहे," त्या म्हणाल्या, "ती खोटी होती." आणि जाळी, पाना, बोटं, सगळं सांगून मोकळ्या झाल्या.

हे पहिल्या बाकावरून ओरडले, "खाली बस!"

"दादा, तेव्हा तू म्हणालास म्हणून उभी राहिले. आता तू म्हणतोस म्हणून बसणार नाही."

पाळकसाहेब गडबडले. "ताई, प्रभूने क्षमा केली आहे. कशाला उकरून काढायचं?"

"केली ना. म्हणून तर बोलायचं बळ आलं," वन्सं म्हणाल्या. "पण बोटं प्रभूची नव्हती गेली, पाळकसाहेब."

दुसऱ्या दिवशी त्या सावकाशकडे गेल्या. तो एका इमारतीच्या फाटकावर वॉचमन आहे. त्याने बसा म्हटलं नाही, माफ केलं असंही म्हटलं नाही. सगळं ऐकून एवढंच म्हणाला, "चर्चात बोललात, बरं झालं. पण मला काढलं ते कागदावर. कागदावर बोला." वन्सं तिथूनच तडक कामगार कार्यालयात गेल्या. ते सगळं वन्संनीच वाटेवरून घरी फोन करून सांगितलं, आणि ह्यांनी मला पाठवलं. "जा, तिला घेऊन ये. वेड लागलंय तिला. तुझं ऐकते ती."

दुसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत फायलींच्या गठ्ठ्यांमागे एक कारकून बसला होता. त्याच्यासमोर वन्सं, ताठ. तो वैतागून म्हणत होता, "बाई, तेव्हा एक सांगितलंत, आज उलटं सांगता. कुठलं खरं धरायचं? दुसरा साक्षीदार आहे का कुणी?"

"खोटं बोलले त्याची शिक्षा द्या मला. पण आजचं लिहून घ्या."

"नुसत्या तुमच्या शब्दावर काही होणार नाही," म्हणत त्याने पेनाला टोपण लावलं.

वन्संनी मला दारात पाहिलं. "वहिनी, दादाला सांगा, मी उठणार नाही."

सगळ्यांच्या लेखी मी काहीच पाहिलेलं नव्हतं. परत जाऊन पोळ्या लाटायला बसले असते तरी मला कुणी जाब विचारला नसता. वन्संच्या झाडूवर चिडणारी मी, माझ्या हातात तर झाडूही नव्हता. मला माझीच भयंकर शरम वाटली, आणि शरमेहून जास्त संताप आला. मी खुर्ची ओढून बसले.

"साहेब, टोपण काढा. जाळी उतरवली त्या दिवशी सुपरवायझरच्या पँटच्या खिशात मला चार मोठे बोल्ट सापडले. धुवायच्या आधी मी खिसे तपासते. मी ते खिडकीत ठेवले. अपघात झाला त्या संध्याकाळी त्याने ते उचलले आणि मला म्हणाला, जाळीचे बोल्ट तू पाहिलेले नाहीस. मी पाहिले होते."

कारकुनाने मान वर केली. "तुमचं त्यांच्याशी नातं?"

"बायको," मी म्हटलं. "तेही लिहा."