अपडेटनंतरची रेघ

चंडीगढच्या सेक्टर बावीसमधल्या आमच्या भाड्याच्या घरात माझी बायको उल्का मुलांच्या पुस्तकांसाठी कॉम्प्युटरवर चित्रं काढते. त्या कॉम्प्युटरच्या लिनक्स सिस्टीमच्या अपडेटची तिला धडकीच भरते. मागच्या अपडेटपासून डिजिटल पेन कितीही दाबलं तरी रेघ एकाच जाडीची येते, तारेसारखी. निदान जे चाललंय ते तरी चालू द्यावं की!

आज आमच्या लेकीने, अवनीने, परस्पर अपडेटचं बटण दाबलं. वर म्हणते, "हो जाएगा, मम्मा!"

मी ओरडलो. काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या ओळी धावत होत्या आणि उल्का श्वास रोखून उभी होती.

शेवटी तिने पेन टेकवलं. रेघ बारीक आली, जाड झाली, वेडीवाकडी गेली.

पेनाला पुन्हा सगळं कळत होतं, तिच्या हाताची थरथरसुद्धा.