पूजलेली पेटी

मी एका लोखंडी पेटीला हळदकुंकू वाहिलं, आणि त्यापायी माझ्या दिराच्या दुकानाला कुलूप लागलं. मागच्या महिन्यात नामदेव भावजी गेल्याचा फोन आला, तेव्हा मला आधी ती पेटीच दिसली...

दिंद्रुडला भावजी जळालेल्या पाण्याच्या मोटारींत नवी तार भरून द्यायचे. हातात तांब्याची तार, तोंडात एकच पालुपद, "असं होत न्हाई वैनी." एके वर्षी सफारी सूट घातलेला एक माणूस गावात पेटी घेऊन आला. ना वीज, ना तेल, ना ऊन. एकदा बॅटरीचा धक्का दिला की मोटार जन्मभर चालणार म्हणे! मी तेव्हा बचत गटाची अध्यक्ष. डोक्यावर पदर, डोक्यात नुसती हवा. लोडशेडिंगला कावलेल्या बायांना घेऊन मी टाकीखाली पेटी मांडली, नारळ फोडला. पेटीला जोडलेला दिवा लागला, टाळ्या पडल्या. मोटार उद्या जोडतो, सफारीवाला म्हणाला.

भावजी पुढं आले. "बॅटरी काढा, झाकण उघडा, अन् आठ दिवस कुलपात चालू ठिवा. चालली तर मीच हिची आरती करतो." सफारीवाल्याचा चेहरा उतरला. मला दिसला होता, बरं का! तरी मी झाकणाच्या स्क्रूवर कुंकवाचं बोट टेकवलं. "पूजलेला देव उचकटून बघता व्हय? तुमचं दुकान बसंल म्हणून पोटात दुखतंय!" सगळं गाव हसलं. मी तर स्वतःवरच लई खूश.

तिसऱ्या दिवशी दिवा विझला. सफारीवाला तोवर पैसे घेऊन पसार. झाकण काढायलासुद्धा भावजींना बोलावलं नाही. मीच विळीनं उचकटलं. आत नुसत्या बॅटऱ्या. तुम्हाला वाटेल, मग लोक भावजींकडे गेले असतील. छे! ज्याला हसलो त्याच्यापुढं जळकी मोटार घेऊन कोणत्या तोंडानं जायचं? मोटारी माजलगावला जाऊ लागल्या. मी त्यांची सख्खी वहिनी, पण दळणाला जातानाही त्यांच्या दुकानाला वळसा घालून जायची. दोन वर्षांत दुकान बंद झालं. बारीक तार ओवणाऱ्या बोटांनी कोयता धरला; उसाच्या फडावरून भावजी दरसाल थोडे थोडे वाळून परतायचे...

चौदावा झाल्यावर धाकट्या जावेपाशी बसले. "माझं चुकलं गं," एवढं म्हणायला मला इतकी वर्षं लागली. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आक्का, ह्यांचं चुकलं असतं ना, तर गावानं हसून सोडून दिलं असतं. ह्यांचं खरं निघालं... मग कोण येतंय दारात?"